डाव्या हाताची चक्की

चिनू दुपारची झोपली, की हिमानी खिडकीचा पडदा ओढी, दार हलकेच लोटून घेई आणि मग आपलं टेबल मांडी. टेबल कसलं, शिवणयंत्रच ते. यंत्र पोटात ढकललं की वरची फळी तिची. त्या फळीवर जिरे, मिरे, स्क्रू, सागवानाचे तुकडे आणि प्लास्टिकच्या चकत्या असा काही संसार मांडलेला असे, की एकदा सासूबाईंनी त्यातलंच चिमूटभर उचलून फोडणीत टाकलं होतं.

"स्क्रू निघाला वं जिऱ्यात!" शामलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या होत्या. "दात पाडशील कोणाचे!"

हिमानी वस्तूंची डिझाइनं करायचं रीतसर शिकलेली. चिनू व्हायच्या आधी ती मिहानमधल्या एका कंपनीत होती. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा कंपनीनं रोज ऑफिसात या म्हटलं, आणि अंगावर पिणारं पोर जरीपटक्याच्या घरी ठेवून रोज तिकडे विमानतळापल्याड जाणं काही तिला जमेना. नोकरी सुटली. नवरा, जितेंद्र, अजून तिथेच दुसऱ्या एका कंपनीत जात होता. सकाळी तो हेल्मेट घालून निघाला, की हिमानी चिनूला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राही. टाटा करायचा तो चिनूनं, पण रस्त्याच्या वळणापर्यंत पाहत राहायची ती हिमानी.

अशात भैय्याजींचं काम आलं. भैय्याजी इतवारीतले भांड्यांचे व्यापारी. हिमानीचे सासरे नत्थूजी वीज मंडळात लाइनमन होते, त्या काळची दोघांची ओळख. आजवर दुसऱ्यांची भांडी विकली, आता एक तरी वस्तू आपल्या नावाची काढायची, असं भैय्याजींच्या मनात होतं. वस्तूही त्यांनीच ठरवलेली, जेवणाच्या टेबलावर ठेवायची मसाल्याची हातचक्की. जेवता जेवता ताजं जिरं-मिरं दळायचं अन् ताकावर, रश्श्यावर भुरभुरवायचं.

"बाजारात मिळतात त्या मिऱ्याच्या," ते म्हणाले होते. "त्याच्यात आपलं जिरं टाकलं का चक्कीचा गळा धरते. तुम्ही अशी करा बेटा, का जिरं बी दळलं पाहिजे. जमलं, तं ह्या दुकानाची पुढची सारी डिझाइनं तुमच्याकडे. घरी बसून करा, पोट्टी सांभाळून करा."

घरी बसून, पोट्टी सांभाळून. हे शब्द हिमानीनं किती वेळा मनात घोळवले असतील ते तिलाच ठाऊक. असं काम पुन्हा दारात येणार नव्हतं.

मिरा गोल, गडगडत दात्यांत जातो. जिरं लांबुळकं, ते आडवं होऊन बसतं. हिमानीनं चक्कीच्या पोटातलं ते चिमुकलं जातं कितीदा तरी बदललं. वरचे दाते मोठे, खाली उतरत उतरत बारीक, मधे जिरं उभं होईल अशी तिरपी चर. अखेर एका दुपारी ओट्याशी उभं राहून तिनं चक्की फिरवली, आणि जिरं असं भुरभुरत खाली आलं की वासानं चिनू शिंकून जागी झाली. सागवानी अंग, कमरेत बारीक, वर पितळी टोपी. दिसायला तर अशी देखणी, की नत्थूजींनी ती टीव्हीवर नेऊन ठेवली होती.

"बाबा, ती चक्की आहे. मूर्ती नाही."

"राहू दे ना वं जराशीक. शोभून राहिली."

रविवारी भैय्याजींना जेवायलाच बोलावलं. मसाल्याची वस्तू पाहायची, तर ताटावर बसून पाहायची, असं त्यांचंच म्हणणं. शामलाबाईंनी पाटोडीचा रस्सा आणि वडा-भात केला होता. गरम भातावर वडे कुस्करलेले, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, बाजूला ताक. भैय्याजी, नत्थूजी, जितेंद्र आणि आग्रहानं बसवलेल्या शामलाबाई असे चौघं टेबलाशी बसले. हिमानी वाढायला. चिनू तिच्या पायाशी ओढणी चोखत.

पहिले चार घास कोणी बोललं नाही. वडा-भात हे काही बोलत बोलत खायचं अन्न नव्हे. मग भैय्याजींना आठवलं. "अरे, चक्की!"

त्यांनी उजवा हात उचलला. पाचही बोटं रश्श्यानं माखलेली. तो हात तसाच खाली ठेवून त्यांनी डाव्या हातानं चक्की घेतली. पण तिचं अंग एका हातानं धरायचं आणि टोपी दुसऱ्या हातानं फिरवायची. डाव्या हातात चक्की, उजवा हात हवेत, असे ते क्षणभर आरती ओवाळायला निघाल्यासारखे बसून राहिले.

"सूनबाई, तुमचा हात चांगला आहे. फिरवा बरं."

हिमानीनं त्यांच्या ताकावर फिरवली. मग नत्थूजींनी ताट पुढे केलं, "मले बी." मग जितेंद्रनं वाटी. मग भैय्याजींना रश्श्यावर हवं झालं. चिनूनं रडायला सुरुवात केली, तशी हिमानीनं तिला कडेवर घेतलं. आता चक्की फिरवेना, म्हणून पुन्हा खाली ठेवलं. चिनूनं आणखी वरचा सूर लावला.

"वा!" भैय्याजी ताक पिऊन म्हणाले. "जिवंत वास आहे गा नत्थूजी! बेटा, फर्स्ट क्लास. फायनल. उद्याच साचेवाल्याले सांगतो."

जितेंद्रनं तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. नत्थूजींनी तर ढेकरच दिला समाधानाचा. आणि हिमानी हातात चक्की घेऊन टेबलाच्या टोकाशी उभी. बाजूला वाढून ठेवलेल्या तिच्या ताटातला भात निवलेला.

तिला एकदम दिसलं. दाते मोजले, चरी कोरल्या, पकड तपासली, सगळं केलं. पण ओट्याशी उभं राहून, दोन्ही हात धुऊन. मोबाइलवर शंभर चक्क्या पाहिल्या त्या काट्या-चमच्यांनी जेवणाऱ्यांच्या, त्यांचे दोन्ही हात कोरडे. जन्मभर पाची बोटांनी कालवून जेवलेली बाई ती, आणि जेवणाऱ्याचा उजवा हात खरकटा असतो, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. टेबलाभोवती चौघं जेवत होते आणि चक्की चालत होती ती फक्त न जेवणाऱ्याच्या हातात.

"भैय्याजी," ती म्हणाली, "ही फायनल नाही."

"काहून?"

"जेवणाऱ्याला स्वतःला फिरवता येत नाही."

"सूनबाई आहे ना फिरवाले!" भैय्याजी हसले. सगळेच हसले.

"आणि जिथे सून नाही तिथे?"

"तिथे सासू राहते."

"मले नका ओढू याच्यात," शामलाबाई म्हणाल्या.

"मग मी कधी जेवायचं?"

बोलायचं असं काही ठरलं नव्हतं. निघून गेलं तोंडातून. आवाजही चढलेला नव्हता, पण हसणं थांबलं. भैय्याजींनी ताटात बोट फिरवलं. पाहुण्याला सुनेनं असं बोलावं हे त्यांना रुचलं नसावं, पण ते रागीट गृहस्थ नव्हते, व्यापारी होते.

"पाहा बेटा. मी आणखी एक हप्ता थांबतो. पुढच्या सोमवारी साचेवाला येऊन राहिला माझ्याकडे. तवरिक दुसरं आणलं, तं पाहू. नाही तं हेच. अन् हे बी तुम्हाले द्यायचं नसेल, तं मी आपला बाहेरचा तयार माल घेतो, त्याच्यावर माझं नाव टाकतो. मंग डिझाइनाची भानगडच नको."

ते गेल्यावर जितेंद्र म्हणाला, "यार हिमानी, आधी हो म्हणायचं. सुधारत मागून बसायचं."

"साचा एकदा झाला की झाला, जितू. मग काय सुधारणार?"

"हे मात्र खरं," नत्थूजी सुपारी कातरत म्हणाले. "तारा ओढल्यावर खांब नाही सरकवता येत गा. आम्ही एकदा सरकवला होता. अर्धा जरीपटका अंधारात!"

बाजू तर घेतली त्यांनी, पण त्या दिवशी चक्की टीव्हीवरून काढून त्यांनी मुकाट्यानं हिमानीच्या फळीवर नेऊन ठेवली.

मग तो आठवडा सुरू झाला. पक्कडीसारखी दाबायची चक्की करून पाहिली. एका हातानं चालायची खरी, पण शामलाबाईंना धरायला दिली तेव्हा त्यांची बोटं तिच्याभोवती मिटेनात. थंडीत त्यांचे सांधे धरायचे. "तुमच्यासारख्या तरण्या पोरींचं काम आहे हे," असं म्हणून त्यांनी ती ठेवून दिली आणि पदराखाली हात चोळत राहिल्या. हिमानीनं त्या पक्कडीकडे पुन्हा पाहिलं नाही. मग अंगठ्यानं फिरवायचं चाक. त्यात जिरं नुसतं चुरमडायचं. चिनूचे दात येत होते, झोप अर्धवट. हिमानी एका मांडीवर पोर आणि दुसऱ्या मांडीवर चक्कीचं पोट घेऊन बसायची, आणि कोणाला थोपटावं नि कोणाला घासावं ते तिचं तिलाच कळेनासं व्हायचं. बुधवारी ती फळीवर डोकं टेकून थोडी रडली. मग उठून चिनूचा वरण-भात कालवला.

तो वरण-भात चिनूनं दोन घास खाल्ला आणि उरलेल्या वाटीला खालून असा फटका मारला की वरण भिंतीवर, भात फरशीवर आणि वाटी खाटेखाली. हिमानीनं पोरीला डाव्या कडेवर घेतलं, उजव्या हातानं पोछा आणला. बादलीत बुडवला, वरच्या जाळीत ठेवला आणि काठी खाली दाबली. पोछा गर्रकन फिरला. पुन्हा दाबली, पुन्हा गर्रकन. पाणी चहूकडून निथळलं. चिनू खुदकन हसली.

हिमानी थबकली. हा पोछा ती रोज पिळत होती. एका हातानं, कडेवर पोर घेऊन. फिरवायचं असं काही करावंच लागत नव्हतं. नुसतं दाबायचं, फिरायचा तो आपोआप.

शामलाबाई बाहेरून तुरीच्या शेंगा घेऊन आल्या, तेव्हा सून फरशीवर फतकल मारून बसली होती, भोवती भात तसाच, आणि पोछ्याची काठी दोन तुकड्यांत उघडलेली.

"पोछा काहून खोलून राहिली वं?"

"आई, हे पाहा ना. आत पिळाची पट्टी आहे. वरून दाबलं की ती खालच्या आट्याला फिरवते. वर ओढलं की मोकळी. आपल्या चक्कीत हेच बसवायचं. टेबलावर ठेवायची, वरून तळहातानं दाबायची, खाली वाटीत मसाला. धरायचं नाही, फिरवायचं नाही."

शामलाबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. "पोछा," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् जेवणाच्या टेबलावर?"

"अवो आई, हाच नाही. असा. पट्टी मी नवीन करून आणीन."

"लोकाले सांगू नको मंग कुठून आणली अक्कल ते." मग त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अन् भात कोण पुसन? घरातला एक पोछा, तो बी मोडला."

"मी पुसते ना फडक्यानं."

"तू राहू दे. पोट्टी दे इकडे, अन् तू आपलं ते कर." भिंतीवरचं वरण खरवडता खरवडता त्या पुटपुटल्याच, "मसाल्याले पोछा! बाप्पा!"

शामलाबाईंनी फोनवर सारं सांगितलं होतं. जितेंद्रनं संध्याकाळी ऑफिसातून येताना बाजारातून नवा पोछा आणला. कसलीही चौकशी न करता त्यानं तो कोपऱ्यात ठेवला, जुन्यातली पिळाची पट्टी हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली आणि विचारलं, "याची उंची किती कमी करायची?" रविवारी बोलला होता ते त्याच्या मनाला लागलं असावं. पुढचे दोन दिवस तो घरी आला की चिनूला खांद्यावर बसवून पार चौकापर्यंत फिरवून आणायचा. तेवढा वेळ हिमानीचा.

नवी चक्की ठेंगणी झाली. पिळाला जागा हवी म्हणून पोटात जाड, तळाशी घसरू नये म्हणून रबरी कडं, खाली वाटीची घडवंची, वर रुंद लाकडी टोपण. पहिल्यांदा दाबली तेव्हा आतली स्प्रिंग अशी उसळली की जिरं छतापर्यंत गेलं. नत्थूजींनी टक्कल झटकत हसून घेतलं आणि त्यांच्या जुन्या पेटीतली एक नरम स्प्रिंग शोधून दिली. दुसऱ्यांदा शामलाबाईंना बोलावलं. त्यांनी आखडलेली बोटं तशीच ठेवून नुसता तळवा टेकवला आणि दाबला. घुर्र झालं. पुन्हा दाबला. वाटीत जिऱ्या-मिऱ्याचा करडा चुरा पडला. त्यांनी मग कोणी न सांगताच आणखी कितीतरी वेळा दाबलं.

"पुरे आई. एवढं कोण खाईल?"

"मी खाईन," शामलाबाई म्हणाल्या. "डाव्या हातानं वाढत नाहीत म्हणतात. पण दळू नये, असं तं कोणी सांगितलं नाही."

सोमवारी हिमानी मुद्दाम जेवणाच्या वेळेला इतवारीत गेली. चिनूला सर्दी झालेली, ती काही अंगावरून उतरेना, म्हणून तिलाही घेतलं. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो अडकलेला, हातगाड्यावाले त्याच्यावर खेकसत होते. ऑटो तिथेच सोडून, एका हातात पोर आणि दुसऱ्यात पिशवी, अशी ती पातेल्यांच्या चळतींमधून वाट काढत दुकानात शिरली. भैय्याजी गादीवर डबा उघडून बसले होते. वरण-भात, ताक, भेदराची, म्हणजे टोमॅटोची, लालभडक चटणी. उजवा हात भातात.

"या बेटा. साचेवाला तासाभरात येऊनच राहिला."

"तुम्ही जेवा. उठू नका." तिनं चक्की त्यांच्या डाव्या बाजूला ठेवली. "वरून दाबा."

भैय्याजींनी डाव्या हातानं दाबली. घुर्र. त्यांनी वाकून वाटीत पाहिलं, चमच्यानं ताकात घातलं, घोट घेतला.

"चालते," ते म्हणाले. मग आणखी एक घोट घेऊन, "पण बेटा, दिसाले ती पहिली चांगली होती. हे म्हणजे पोस्टातला शिक्का मारून राहिल्यासारखं. गिऱ्हाईक आधी डोळ्यानं घेते, हातानं मागून. ती पहिली काचेत ठेवली असती, तं येता-जाता माणूस थांबला असता."

ते चूक बोलत नव्हते. पहिली खरंच देखणी होती. तिनं मान हलवली आणि चक्कीकडे हात नेला, पिशवीत परत ठेवायला.

"अरे, निघता कुठे? ह्या गादीवरून जेवणाच्या वेळी कोणी उपाशी जात नाही. बसा." त्यांनी डब्याच्या झाकणात भात काढला, वरण ओतलं, ताकाचा पेला पुढे सरकवला. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं, तर भूकही लागली होती. सकाळपासून चिनूनं काही खाऊ दिलं नव्हतं. हिमानी बसली. चिनू डाव्या हाताच्या वेढ्यात, उजव्या हातानं भात कालवलेला.

"ताकात मसाला घ्या ना," भैय्याजी सवयीनं म्हणाले, आणि थांबले. हिमानीही थांबली. डावा हात पोरीत, उजवा वरणात. तिसरा हात कुठून आणणार? भैय्याजींनी दुकानातल्या पोऱ्याला हाक मारायला तोंड उघडलंही.

हिमानीनं उजवा कोपर उचलला, टोपणावर टेकवला आणि दाबला.

घुर्र.

चिनू दचकली, मग नाक ओढून हसली. हिमानीनं पुन्हा दाबला. वाटीत चुरा पडला. हे तिनं कधी आखलं नव्हतं, कागदावर काढलं नव्हतं. हातच उरला नाही म्हणून कोपर गेला, इतकंच.

भैय्याजींचा घास गालात तसाच राहिला. त्यांनी चक्की आपल्याकडे ओढली, पांढऱ्या सदऱ्याची बाही दंडानं वर सारली आणि स्वतःचा कोपर टेकवला. घुर्र. परत एकदा. मग मनगटानं. मग मुठीच्या मागच्या बाजूनं.

"बाप्पा!" ते म्हणाले. "माझी सून जुळ्यांची माय आहे बेटा. घरी मी रोज पाहतो, ती बिचारी पाण्याचा पेला बी..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. डाव्या हातानं फोन उचलून साचेवाल्याला लावला. "हाव, मी बोलून राहिलो. या तुम्ही, पण ते जुनं नाही करायचं. दुसरं आहे. हो, पाहाल तं सही."

फोन ठेवून ते चक्की फिरवून फिरवून पाहू लागले. "काचेत नाही ठेवायची हिले," ते जणू स्वतःशीच म्हणाले. "बाहेर ठेवू, गिऱ्हाईकाच्या पुढ्यात, ताकाच्या पेल्यासंग. दाबून पाहा म्हणू. पण हे टोपण जरा गोल करा. कोपराले टोचते. अन् हे पोट थोडं कमी झालं तं... होईल काय? अन् मंग आपल्याले मिठासाठी बी एक लागंल, अन् ते झाकणाचे डबे आहेत ना, त्याचं बी..."

"भैय्याजी," हिमानीनं भाताचा घास जुळवला. चिनूनं आ केला, तिला मऊ शितं भरवली, मग स्वतः मोठा घास घेतला. "आधी जेवते. मग सगळं बोलू."

"हाव हाव, जेवा," भैय्याजी ओशाळून म्हणाले, आणि भेदराची चटणी त्यांनी तिच्याकडे सरकवली.